मढवी मॅडम आणि ‘जरा’

“पाष्टे! अहो पाष्टे! पुन्हा बेलापूर? पुन्हा? घसा फोडून रोज सांगतोय, जरा बेलापूरचं बघा, जरा बेलापूरचं बघा! कान घरी ठेवून येता काय?”

सावंतांचा आवाज असा होता, की महाप्याच्या आमच्या गोदामात ते ओरडले तर बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रकवाले आपल्यालाच कुणी थांबवतंय असं समजून ब्रेक मारायचे. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर वाटू द्या. मी उलट कमी करूनच सांगतोय. सावंत आमचे डिस्पॅच मॅनेजर. औषधांची खोकी गाड्यांत चढवून गावोगाव पाठवायची, हे त्यांचं खातं. पाष्टे त्यांच्या हाताखालचे, कुठलं खोकं कुठल्या गाडीत जाईल ते लावणारे. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, मान कायम होकाराकडे कललेली.

“बघतो ना साहेब,” पाष्टे म्हणाले. “रोज बघतो.”

“बघता? मग नगर जिल्ह्यातल्या बेलापूरची खोकी आपल्या सीबीडी बेलापूरला उतरलीच कशी? तिकडचा दुकानदार फोनवर माझ्या सात पिढ्या काढतोय!”

“आणखी बघतो साहेब.”

तेवढ्यात माझ्या खांद्यामागून एक आवाज आला. मोठा नाही, पण गोदामाच्या पत्र्यापर्यंत पोचणारा.

“सावंत, काय बघायचं त्यांनी?”

सावंत वळले. “म्हणजे?”

“तुमी म्हनलात, जरा बघा. ते म्हनतात, बघतो. दोघं खरं बोलताय. पन काय बघायचं, ते कुनी बोललंच नाय.”

“मॅडम, तुम्ही नवीन आहात.”

“हो. म्हनून तर इचारतेय.”

नेमका तेव्हाच एका टेम्पोने हॉर्न दिला, म्हणून सावंत तिकडे धावले. पाष्टेही मागोमाग गेले, मान हलवत. मग त्या बाई माझ्याकडे वळल्या आणि अगदी खासगी चौकशी करावी तशा म्हणाल्या, “जगदाळे, हा ‘जरा’ कोन हाय हो? सकालपासून बघते, तुमच्या कंपनीत सगली कामं त्यालाच सांगतात. आनि तो तर कामावर येतच नाय.”

मी हसलो. ते वाक्य संध्याकाळपर्यंत कंपनीभर झालं, आठवड्यात तळोज्याच्या आमच्या शाखेत पोचलं, आणि महिन्याभरात एका पुरवठादाराने मलाच ते विनोद म्हणून ऐकवलं. त्याचा पहिला श्रोता मी. पण माझं नाव कुणी घेतलं? कुणीही नाही. आमची सुरुवात ही अशी.

आता माझं काय काम होतं ते सांगतो, म्हणजे माझी तडफड तुम्हाला समजेल. मॅनेजरांनी हाताखालच्या माणसांकडून काम कसं करून घ्यावं, मागे पडलेल्याला कसं वर आणावं, चांगल्याला कसं टिकवावं, हे मॅनेजरांना शिकवणं हे त्या कंपनीत माझं काम होतं. माझं! पुण्याला जाऊन दोन दिवसांचं प्रमाणपत्र आणलं होतं मी, चौकट करून भिंतीवर लावलं होतं. वाशीच्या हॉटेलात मी कार्यशाळा घ्यायचो. फुगे फोडायचे, डोळे बांधून एकमेकांना चालवायचं, कागदाचे मनोरे बांधायचे, आणि मग माझ्या स्लाइड. इतक्या स्लाइड, की एकदा प्रोजेक्टरनेच मध्ये डोळे मिटले. मॅनेजर टाळ्या वाजवायचे, पनीर टिक्का खायचे, एकमेकांना मिठ्या मारायचे. आणि सोमवारी सावंत ओरडले की रस्त्यावर पुन्हा ब्रेक.

पण ते कोण मोजतंय? माझी कार्यशाळा गाजायची. तोवर मढवी मॅडम आल्या.

कुंदा मढवी. बेलापूरच्या खाडीकाठच्या गावातल्या. मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “जगदाळे, तुमच्या मदतीला बाई देतोय, अनुभवी आहेत.” मदतीला! मी आपलं एक होतकरू, नम्र, मान खाली घालून माझ्या स्लाइड पुढे सरकवणारं व्यक्तिमत्त्व डोळ्यांसमोर आणलं. आल्या त्या उंचीने माझ्यापेक्षा दोन बोटं वर, मोरपिशी साडीत, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, हातात पाटल्या, आणि सफेद गाडीतून. गाडी चालवत होता त्यांचा भाऊ. त्याने खाली उतरून आमच्या वॉचमनला विचारलं, “ताईची गारी कुठं लावायची?” वॉचमनने मोठ्या साहेबांची जागा दाखवली. त्याला तेच योग्य वाटलं.

नम्रता त्यांच्या वाटेलाही गेली नव्हती. एम.ए. झालेल्या होत्या, दोन कारखान्यांत माणसं सांभाळली होती, आणि “माझ्यासारखी मीच” हे वाक्य त्या हवामान सांगावं तसं सांगायच्या. त्यांच्या घरच्या उरलेल्या भातशेतीवर आता चार मजली इमारत उभी होती, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या कंपनीचे फायनान्सचे कुलकर्णी भाड्याने राहत होते. जे कुलकर्णी माझं प्रवासाचं बिल सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, ते बाईंना बघून खुर्चीतून अर्धे उठायचे. मी एकदा विचारलं, “मॅडम, एवढं सगळं असताना नोकरी कशाला?”

“घरी बसले तर जावांशी भांडान होईल,” त्या म्हणाल्या. “हितं दुसऱ्यांची भांडनं सोडवायचा पगार मिलतो.”

आल्या त्याच आठवड्यात त्यांनी घरून दोन निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि आपल्या खोलीतल्या चाकांच्या खुर्च्या बाहेर काढल्या. मला तो ऑफिसचा अपमान वाटला. म्हणालो, “मॅडम, हे लग्नाच्या मांडवासारखं दिसतंय.”

“दिसू दे. चाकांवर बसलेल्या मानसाचं एक असतं, जगदाळे. अवघड बोलनं आलं की तो मागं मागं सरकत जातो. तुमी बघा.”

मी बघितलं नसतं तर बरं झालं असतं. दुसऱ्याच दिवशी एका मुलाखतीत माझ्या लक्षात आलं, की समोरच्याला नकार सांगता सांगता मी सरकत सरकत भिंतीला टेकलोय आणि माझं प्रमाणपत्र डोक्यावर आलंय.

त्या दोन खुर्च्यांवर त्यांची सगळी विद्या चालायची. फुगे नाहीत, स्लाइड नाहीत. एखादा मॅनेजर यायचा, “माझा अमुक माणूस काम करत नाही” म्हणून. बाई म्हणायच्या, “मी तो मानूस. बोला माझ्याशी.” मग मॅनेजर घसा साफ करून सुरू व्हायचा, “अरे, जरा कामाकडे लक्ष...”

लगेच बाईंचा पाटल्यांचा हात वर. “जरा काढा. परत बोला.”

“कामाकडे लक्ष दे.”

“कुठल्या कामाकडे?”

“म्हणजे... एकूणच जरा...”

“जरा काढा.”

असं चालायचं. मी दाराच्या काचेतून बघायचो. हेरगिरी नव्हे, वरिष्ठ म्हणून देखरेख. ‘जरा’ काढला की मॅनेजरचं वाक्य टेकू काढलेल्या मांडवासारखं खाली बसायचं, आणि आत काही नव्हतंच हे त्याचं त्यालाच दिसायचं. मग तो बिचारा शोधायला लागायचा, की मला या माणसाकडून नेमकं हवंय काय. ते सापडलं की बाई म्हणायच्या, “हां. हे त्याला सांगा. सांगितलं की गप बसा. तो बोलेपर्यंत गप. आनि आठवड्यानं परत जा त्याच्याकडे, झालं का ते बघायला.” बस्स. यासाठी बाहेर रांग. माझ्या खोलीबाहेर फक्त पाण्याचा कूलर, आणि तिथली गर्दी पाण्यासाठी.

वर त्या माझ्याबद्दल लोकांना काय सांगायच्या? “जगदाळे बोलतात छान. कोनाशी बोलतात, ते कलत नाय.” हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी येऊन आनंदाने सांगितलं.

क्वालिटीच्या नाईक मॅडमची गोष्ट तर ऑफिसात दंतकथाच झाली. नाईक मॅडम म्हणजे मूर्तिमंत सभ्यता. हाताखालच्याला बोलावं लागू नये म्हणून त्याचं काम स्वतः करून टाकायच्या. त्यांच्याकडे तांबे नावाचा एक केमिस्ट होता. कामाची वेळ साडेनऊची, हा दहाला यायचा. नाईक मॅडम सहा महिने त्याला सांगत होत्या, आणि सहा महिने मनस्तापाने त्यांचं वजन घटत होतं. शेवटी निळ्या खुर्चीत बसून त्यांनी रडत रडत सराव केला आणि तांबेला बोलावून एका दमात म्हणाल्या, “तांबे, साडेनऊला या.”

तांबे चकित. “साडेनऊला? मॅडम, आधी का नाही बोललात?”

“आधी? सहा महिने सांगतेय मी, जरा लवकर येत जा!”

“मग येतोय ना! पहिल्यांदा बोललात तेव्हा दहाच्या पाच मिनिटं आधी यायला लागलो. परत बोललात, आणखी दोन मिनिटं कापली. तुम्ही दर वेळी जरा म्हणता, मी दर वेळी जरा येतो. मला वाटलं तुम्ही खूश आहात.”

तो दुसऱ्या दिवसापासून साडेनऊला हजर. मढवी मॅडमना नाईक मॅडमनी घरचे उकडीचे मोदक आणले. डबा माझ्या टेबलावरून गेला. वास आला. मोदक आले नाहीत.

कौतुकातला ‘जरा’ही बाईंना चालायचा नाही. एखाद्या मॅनेजरने “आता जरा बरं जमतंय त्याला” म्हटलं, की म्हणायच्या, “सुधारायला त्याचा जीव गेला, आनि तुमी वजनात मारताय? काय जमलं ते पूर्न बोला.”

मी एक ध्यास घेतला. कधी ना कधी ही बाई स्वतः ‘जरा’ म्हणणार, आणि तेव्हा मी तिथे असणार. महाराष्ट्रात जन्मलेला माणूस ‘जरा’शिवाय दिवस काढूच शकत नाही, हे माझं शास्त्रीय मत. मी त्यांच्या मागे सावलीसारखा फिरलो. कँटीन, गोदाम, लिफ्ट. माझ्या बायकोला संशय आला, तिला सगळं सांगावं लागलं, ती म्हणाली, “अहो, जरा स्वतःच्या कामाकडे बघा.” म्हणजे घरातही तेच.

आणि एका दुपारी चहाच्या टपरीवर देव पावला. बाई चहावाल्याला म्हणाल्या, “साखर जरा टाक रे.”

मी अशी उडी मारली, की शेजारच्याचा वडापाव खाली पडला. “जरा काढा!” मी ओरडलो. “मॅडम, जरा काढा!”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग चहावाल्याकडे. “काढला,” म्हणाल्या. “साखर टाकूच नको.” आणि गोडघाशी बाई, चार चमचे घेणारी, तो कडू चहा माझ्या डोळ्यांत डोळे घालून शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. तोंड एरंडेल घेतल्यासारखं, पण कप रिकामा. टपरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, ते सांगायला नको.

त्याच दिवशी परत येताना मी चिडून विचारलं, “एवढं काय वाकडं आहे तुमचं त्या शब्दाशी?”

त्या चालता चालताच बोलल्या, आवाज न बदलता. “माझे आजोबा मिठागरात होते, शेतीपन होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. एक सायेब आला, गोड बोलला. म्हनाला, जरा हितं अंगठा लावा.” थोडं अंतर गेल्यावर म्हणाल्या, “अंगठा पूर्न लागला.”

माझं सगळं ज्ञान पुण्याच्या दोन दिवसांतलं, जेवणासकट. आणि या बाईच्या एका शब्दामागे आख्खी जमीन. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या वाईटाच्या खाली मला हेवाच वाटला. माणसाला दुःखसुद्धा किती कामाला येणारं मिळावं!

मग तो दिवस आला, ज्याची मी वाट बघत होतो.

मोठ्या साहेबांनी सगळ्या मॅनेजरांची सभा बोलावली. तीन टक्के मिशी आणि बाकी सगळा आवाज, असं साहेबांचं रूप. ते म्हणाले, “यंदा परिस्थिती कठीण आहे. माणसं जरा कमी करावी लागतील.”

मागच्या रांगेतून आवाज, “जरा काढा, साहेब.”

सभागृहातला एसीसुद्धा थांबला. मी मनात पेढे वाटले. झालं, म्हटलं, गेली बाई! निळ्या खुर्च्या मी स्वतः गाडीत चढवून देईन.

साहेब लाल झाले. “काय म्हणालात?”

“जरा म्हनजे कोन, ते इचारते. हितं बसलेला प्रत्येक जन आता घरी जाऊन झोपनार नाय. त्याचं नाव नसलं तरी.”

साहेबांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग हळू म्हणाले, “एकच नाव आहे. डिस्पॅचचे पाष्टे. सावंतांनीच दिलंय. बेलापूरचा घोळ वर्षानुवर्षं चाललाय.”

“पाष्टेंना माहितीय?”

साहेबांनी सावंतांकडे बघितलं. सावंतांनी चपलांकडे.

“महिनाभर द्या,” बाई म्हणाल्या. “सावंत त्यांना सांगतील. नाय सुधारले, तर तुमचा निर्नय.”

साहेबांनी महिना दिला. वर मला म्हणाले, “जगदाळे, तुम्ही साक्षीला बसा. शिकायला मिळेल.” शिकायला! मला!

पाष्टेंना दोन मुली, एकीचं लग्न ठरलेलं, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. आणि तरीही, त्या दिवशी निळ्या खुर्च्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून मी मनातल्या मनात म्हणत होतो: पाष्टे, माझी लाज राखा. सुधारू नका. आयुष्यात एकदा या बाईचं चुकू द्या, मग तुम्हाला मी स्वतः दुसरीकडे चिकटवून देतो. असा उदात्त विचार होता माझा.

सावंत आणि पाष्टे समोरासमोर. बाई खिडकीशी उभ्या. सावंतांचा चार दिवस सराव चालला होता. ‘जरा’ गिळून गिळून त्यांना ॲसिडिटी झाली होती. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आवाज इतका लहान, की हे सावंतच का अशी मला शंका आली.

“पाष्टे, नगर जिल्ह्यातल्या बेलापूरची खोकी तुम्ही सीबीडी बेलापूरच्या टेम्पोत चढवता. गेल्या आठवड्यात पुन्हा झालं. हे थांबलं नाही, तर तुमची नोकरी जाईल. मला ती जायला नकोय.”

आणि सावंत गप्प बसले. देवाशपथ सांगतो, माणसाला गप्प बसताना एवढा घाम आलेला मी पाहिला नाही. त्यांच्या तोंडात शब्द चणे भाजल्यासारखे उडत होते. एकदा ओठ हलले, तर खिडकीतून पाटल्या वाजल्या. ओठ मिटले.

पाष्टेंची मान पहिल्यांदाच सरळ झाली. “नोकरी जाईल?”

“हो.”

“बेलापूरमुळे?”

“हो.”

“पण साहेब...” त्यांचा आवाज फुटला. “तुम्ही म्हणता तसंच करतो ना मी! तुम्ही रोज सांगता, जरा बेलापूरचं बघा. मी बघतो! बेलापूर दिसलं रे दिसलं, की बाकी सगळं सोडून ते आधी उचलतो. पहिल्या गाडीत घालतो. तुम्ही ओरडलात, तर आणखी घाईने घालतो. मला वाटलं, बेलापूरची माणसं तुमच्या खास ओळखीची असतील.”

सावंतांनी हळूच विचारलं, “सकाळी पहिली गाडी कुठली सुटते आपली?”

“सीबीडीची,” पाष्टे म्हणाले. आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

म्हणजे सावंत जितके ओरडत होते, तितकं बेलापूर चुकत होतं. वर्षानुवर्षं दोघं मिळून, जीव तोडून, इमानदारीने, नगरची खोकी सीबीडीला पोचवत होते.

सावंतांनी चष्मा काढला. “पाष्टे, बेलापूर दिसलं की आधी खालची ओळ वाचायची. जिल्हा. नगर असेल तर दुपारची गाडी. मी आठवडाभर रोज सकाळी तुमच्याजवळ येऊन उभा राहीन. ओरडणार नाही.”

“ओरडलात तरी चालेल साहेब,” पाष्टे म्हणाले, “पण असं पूर्ण वाक्य ओरडा.”

सावंत हसले आणि त्याच वेळी रडले. पाष्टे रडले. खिडकीशी बाईंनी पदराचं टोक डोळ्याला लावलं. माझेही डोळे भरले होते, पण ते वेगळ्या कारणाने. ते पुसताना कळलं, की हे मी करायला हवं होतं. पुण्याच्या दोन दिवसांत हे कुणी कसं शिकवलं नाही?

पाष्टे काही रातोरात सोनं झाले नाहीत. पुढे त्यांनी तळोजे आणि तळेगावचा घोळ घातला. पण तेव्हा सावंत जवळ गेले, काय चुकलं ते बोलले, गप्प बसले, पाष्टेंनी कारण सांगितलं, घोळ थांबला. मुलीच्या लग्नात पाष्टेंनी आहेराआधी सगळ्यांसमोर मढवी मॅडमच्या पायांना हात लावला. मी शेजारीच उभा होतो. माझ्याही पायांना लागेल म्हणून मी बूट पुढे केला होता. नाही लागला.

महाप्याचे ट्रकवाले तेव्हापासून ब्रेक न मारता जातात. आणि साहेबांनी मला बोलावून काय सांगितलं? “जगदाळे, ते मॅडमचं ‘जरा’ तुमच्या स्लाइडमध्ये घाला.” घातलं. पहिल्याच स्लाइडवर. बघून सगळे म्हणाले, “अरे, हे तर मढवी मॅडमचं.”

मग त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ दणक्यात. सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण बोलायचं काम असलं की माझी आठवण व्हायची. मी त्यांच्याबद्दल अर्धा तास बोललो. उपमा, अलंकार, एक स्वरचित चारोळी. शेवटी सवयीने म्हणून गेलो, “आता मॅडमना विनंती, जरा दोन शब्द बोला.”

सभागृह एका सुरात ओरडलं, “जरा काढा!”

बाई उठल्या. माईक हातात घेतला. “येते मी,” म्हणाल्या. आणि बसल्या.

दोन शब्द. नेमके दोन. लोक खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवत होते. कुलकर्णी तर भाडेकरू असूनही शिट्टी मारत होते. माझा अर्धा तास, चारोळीसकट, कुणाच्या लक्षात राहिला नाही. त्या दोन शब्दांचं अजून कौतुक चालतं. आता त्यांच्या खोलीत मी बसतो. निळ्या खुर्च्या त्या मागे ठेवून गेल्या. मॅनेजर येतात, मी समोर बसतो, म्हणतो, “मी तो माणूस, बोला माझ्याशी.” चाललंय बरं. रांगही लागते. पण एखाद्याचं वाक्य नीट उभं राहिलं, की तो उठताना म्हणतो, “मढवी मॅडम असत्या तर खूश झाल्या असत्या.” मी खूश झालोय ते समोर बसलेलं कुणाला दिसत नाही.

मागच्या हिवाळ्यात उरणला एका नातेवाइकांकडे गेलो होतो. परत येताना मोरा बंदराच्या धक्क्यावरून मुंबईची लाँच पकडायची होती. धक्क्यावर उतरलेली मासळी, तिच्याभोवती बायकांचा कलकलाट, आणि त्या सगळ्यांच्या वर एक ओळखीचा आवाज.

“जरा स्वस्त म्हनजे किती? आकडा बोल!”

अबोलीचा गजरा. मोरपिशी नव्हे, आता जांभळी साडी. मढवी मॅडम एका कोळणीशी पापलेटवरून लढत होत्या, आणि कोळीणही काही कमी नव्हती. मला बघून त्यांनी पिशवीतला हात वर केला. “जगदाळे! बारीक झालात. खुर्ची झेपतेय ना?”

“उत्तम झेपतेय,” मी म्हणालो. “लोक म्हणतात तुमच्यापेक्षा बरं चालवतो.”

“कोन लोक?”

“एकूणच...”

त्या हसल्या. मी पाष्टेंचं सांगितलं, सावंतांचं सांगितलं. तेवढ्यात लाँचवाल्याने हाक दिली, तसा मी फळीवरून आत गेलो आणि कठड्याशी उभा राहिलो. त्या खाली धक्क्यावर, पुन्हा पापलेटकडे वळलेल्या, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, आता बोलून टाकावं. लाँच सुटतेय, उत्तर ऐकायची वेळ येणार नाही. आणि एवढ्या वर्षांत एक मोठेपणा तरी आपल्या नावावर लागू दे. मी कठड्यावरून वाकून, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा, सावंतांच्या जुन्या पट्टीत ओरडलो:

“मॅडम! एक सांगायचं राहिलं! मला तुमचा जरा हेवा वाटायचा!”

लाँचचं इंजिन नेमकं तेव्हाच खोकून बंद पडलं. धक्का गप्प झाला. कोळणीचा सुरा हवेत थांबला. मढवी मॅडमनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. पापलेटचे कल्ले उघडून तपासत त्या म्हणाल्या,

“जरा काढा.”